आग्रहाची नेवरी

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमाराला गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरी जेवणं उरकलेली असतात. पुरुषमंडळी ओसरीवर आडवी झालेली, घुमटं भिंतीला टेकवून ठेवलेली. तेवढ्यात वहिनी नेवऱ्यांचा, म्हणजे आमच्याकडच्या करंज्यांचा, डबा घेऊन बाहेर येते. मी हात आडवा धरतो, ती तो बाजूला सारते. "एक घे रे, चवथ न्हय? कांय जायना." मी घेतो. चौथ्या दिवशी मीच आपणहून डब्याकडे वळलो, की हीच वहिनी सगळ्यांदेखत म्हणते, "शुगर आसा न्हय तुका? इतलें गोड कित्याक खाता?"

दोन्ही वाक्यं मायेपोटीच आलेली, याबद्दल मला शंका नाही. पण मला टाइप टू मधुमेह होऊन अकरा वर्षं झाली आणि या अकरा चवथींनंतर माझं ठाम मत झालं आहे, की सणात माझी साखर नेवरी जेवढी बिघडवते तेवढीच ही दोन वाक्यं मिळून बिघडवतात. आधी आग्रह, मग टोमणा. या दोहोंच्या मध्ये सापडलेला माणूस पुढे काय करतो? तो लपवायला शिकतो.

हा माझ्या एकट्याच्या घरचा मामला असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण जून २०२३ मध्ये 'लॅन्सेट डायबेटिस अँड एंडोक्रायनॉलॉजी'त भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब सर्वेक्षणाचे निष्कर्ष आले आणि मधुमेहाच्या प्रमाणात गोवा देशात पहिला निघाला. वीस वर्षांवरच्या लोकांत आपलं प्रमाण २६.४ टक्के, देशाचं ११.४. गोव्यात डॉक्टर जास्त, तपासण्या जास्त, म्हणून आकडा मोठा दिसतो, असं तेव्हा काहींनी मला सांगितलं. ते पटत नाही. हे दवाखान्यातल्या नोंदींवरून काढलेलं प्रमाण नव्हतं. देशभरातल्या १,१३,०४३ माणसांची निवड करून, त्यांचं रक्त तपासून ते काढलं होतं. आता चवथीच्या बारा जणांच्या पंगतीला हे प्रमाण लावून बघा. सरासरीनं तिघे. त्यांतला एखादा माहीत असलेला, एखादा लपवणारा आणि एखादा स्वतःलाच माहीत नसलेला. तरीही आपली पंगत अशी वाढली जाते, जणू मधुमेह हा कोपऱ्यात बसलेल्या एकट्या काकांचा खाजगी प्रश्न आहे.

आणि आपला मोसम तरी केवढा! गोव्याबाहेरच्यांना सुट्ट्यांचा हंगाम म्हणजे नाताळ ते एकतीस डिसेंबर वाटतो. आपला 'तय'च्या, म्हणजे हरितालिकेच्या, उपासाला सुरू होतो. मग चवथ, नवरात्र, नरकासुराच्या रात्रीनंतरचे दिवाळीचे गुळातले, दुधातले, रोसातले पोहे, तुळशीचं लग्न, ३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, शेजारच्या ख्रिश्चन घरातून येणारं कुस्वारचं, म्हणजे नाताळच्या गोडधोडाचं, ताट, मग माघातल्या जत्रा आणि जत्रेतलं खाजं. एचबीए१सी या चाचणीत साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दिसते. गोव्यातल्या हिंदू माणसाला वर्षात सणाशिवायचे सलग तीन महिने शोधून काढायला पंचांग घेऊन बसावं लागेल. "सणापुरतं चालतं" हे वाक्य म्हणूनच आपल्याकडे फसवं आहे.

आता मनाची बाजू. ती खाण्याच्या बाजूपासून वेगळी काढताच येत नाही. ताण आला की शरीर ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं आणि इन्शुलिनचा जोर उणा पडतो. गोड न खाताही साखर चढते. घरात वाटणीवरून वाद झाला त्या वर्षीच्या चवथीला मी नेवरीला हात लावला नव्हता आणि माझे आकडे त्या वर्षी सगळ्यांत वाईट होते. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट असतं. हा रस्ता दोन्हीकडून चालतो: आजार मन खचवतो आणि खचलेलं मन गोळ्या चुकवतं, चालणं सोडतं.

पण नैराश्याच्या अलीकडेही एक अवस्था असते. विल्यम पोलॉन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली तिच्यासाठी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. पथ्याचा वीट, आकड्यांची धास्ती, "कितीही केलं तरी कमीच" ही भावना, घरचे समजून घेत नाहीत ही खंत, अशा गोष्टी त्यात येतात. इंग्रजीत याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. आपल्याकडे याला नाव नाही, आणि नाव नसल्यामुळे तो आळस किंवा जिभेचे चोचले म्हणून गणला जातो. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की मधुमेहाच्या रुग्णाला या त्रासाबद्दल नियमितपणे विचारावं. मला अकरा वर्षांत हे कुणी विचारलेलं नाही.

मला जे विचारलं गेलं ते असं. पाच वर्षांमागे दिवाळीनंतर एका दवाखान्यात रिपोर्ट घेऊन गेलो. एचबीए१सी ८.४. डॉक्टरांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या चारजणांना ऐकू जाईल अशा आवाजात हसत म्हणाले, "काय, फराळावर आडवा हात मारलेला दिसतोय!" मीही हसलो. दुसरं काय करणार? पण त्यानंतर तीन वर्षं मी दिवाळी ते फेब्रुवारी या काळात रक्त तपासलंच नाही. मार्चमध्ये, सगळं जरा जागेवर आल्यावर जायचो, म्हणजे कागद शहाण्यासारखा दिसायचा. डॉक्टरांना वाटत होतं माझं बरं चाललंय. लाज वाटली की माणूस सुधारतो, हा समज शाळामास्तरांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनाच प्रिय आहे. माझ्या बाबतीत लाजेनं एवढंच केलं की तपासणीची तारीख पुढे ढकलली.

एका देवळाच्या अग्रशाळेत मुंजीच्या जेवणाआधी मी एका गृहस्थांना पाहिलं. पन्नाशीचे, धोतर-उपरण्यात. सगळ्यांकडे पाठ करून, खांबाच्या आडोशाला उभं राहून त्यांनी पोटाची चिमूट धरली, इन्शुलिनचं पेन टेकवलं आणि आवाज न करता ओठ हलवत दहापर्यंत आकडे मोजले. माझी नजर भिडल्यावर म्हणाले, "व्हिटॅमिनचें." मी मान डोलावली. माझं स्वतःचं पेनही तेव्हा चष्म्याच्या डब्यात असायचं.

सणाच्या दिवशीच्या एका गोष्टीवर मात्र मला घरोघरच्या कर्त्या माणसांशी भांडायचं आहे. ती म्हणजे नैवेद्याची वेळ. चवथीला भटजी एक आणि घरं पंधरा. पूजा कधी अकराला होते, कधी दोनला. तोवर घरात कुणी खात नाही. ज्याला निरोगी पोट आहे त्याला थोडी भूक लागते, एवढंच. पण ज्यानं सकाळी ग्लिमेपिराईडसारखी गोळी घेतली आहे किंवा इन्शुलिन टोचलं आहे, त्याचं औषध भटजींसाठी थांबत नाही. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम फुटतो, हात कापतात, छाती धडधडते, चिडचिड होते. घरातल्यांना वाटतं, सणासुदीला याचं काय बिनसलंय! आदल्या दिवशी 'तय'चा निर्जळी उपास केलेल्या बायकांची तर गोष्टच वेगळी. त्या कुणाला सांगतही नाहीत आणि संध्याकाळी साबुदाण्यावर, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थावर, उपास सोडतात. औषधं चालू असताना उपास करायचाच असेल तर गोळ्यांचं काय करायचं हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारायला हवं. काही नव्या गोळ्या तर उपाशी आणि तहानलेल्या शरीरात वेगळाच घोळ घालतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांना औषध चालू आहे त्यांना पूजेआधी खाऊ द्या. वाटीभर पेज, एखादी पोई, काहीही. "देवाला दाखवल्याशिवाय?" हा प्रश्न आमच्याकडे माझ्या काकीनं विचारला होता. त्याचं उत्तर मी दिलं नाही, ते भटजींनीच दिलं. दीड वाजता घामाघूम होऊन ते आले, त्यांचं ते सहावं घर होतं. पाय धुतले, पाटावर बसण्याआधी स्वयंपाकघराच्या दारात आले आणि हळूच म्हणाले, "वयनी, मातशी पेज आसा? गुळी घेतल्या हांवें सकाळीं." काकीनं निमूटपणे पेज वाढली. त्या दिवसापासून आमच्या घरी हा वाद मिटला. तुमचे भटजी एवढे बोलके नसतील, तर आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनी बोलावं.

साखर खाली गेली तर पथ्य आठवत बसू नये. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावं, मग जेवावं. त्या वेळी साखर हेच औषध असतं.

मोसमाची दुसरी बाजू आपण लिहिताना नेहमी विसरतो. बाकीच्या देशाची सुट्टी आपल्या माणसांच्या कामावर चालते. डिसेंबरात टॅक्सीवाला दाबोळी ते कळंगुट, कळंगुट ते मोपा अशा फेऱ्या मारतो. हॉटेलातला स्वयंपाकी रात्री दोनला घरी येतो. शॅकवरचा वेटर उभ्याउभ्या भात ढकलतो. अर्धवट झोप आणि वेळी-अवेळी जेवण यांनी साखर चढते, आणि इन्शुलिन घेणाऱ्याला जेवण चुकलं तर ती पडते. माझ्या ओळखीचा एक टॅक्सीवाला डिसेंबरभर गोळीच घेत नाही. त्याचं म्हणणं, "गाडी चालवताना चक्कर आली तर?" त्याच्या जागी उभं राहून बघा, हा हिशेब वेडेपणाचा नाही. त्याला "पथ्य पाळा" सांगणाऱ्यानं आधी त्याच्या दिवसाचं वेळापत्रक विचारून गोळी बदलून द्यायला हवी होती.

एकतीसच्या रात्रीबद्दल दोनच ओळी. यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की साखर सोडायचं काम मागे पडतं. त्यामुळे इन्शुलिन किंवा तशा गोळ्या घेणाऱ्याची साखर काही तासांनी, बहुधा पहाटे झोपेत, खाली जाते. बडबडणं, झोकांड्या, घाम ही लक्षणं बघून लोक म्हणतात "चडली ताका" आणि त्याला पांघरूण घालून झोपवतात. उपाशीपोटी पिऊ नये आणि सोबतच्या निदान एकाला तरी आपल्या आजाराची कल्पना द्यावी. इथेही लपवणं हाच सगळ्यांत मोठा धोका.

गर्दीच्या दिवसांपेक्षा गर्दी पांगल्यावरचे दिवस मला जास्त जड जातात. पाचव्या दिवशी विसर्जन होतं. मुंबईची मंडळी दुपारच्या गाडीनं जातात, पुतण्याचं कुटुंब पुण्याला, बहीण सासरी. गणपतीवर टांगलेल्या माटोळीवरची सुपारीची झुपकी आणि रानफळं उतरवायला मी आणि म्हातारी आत्या उरतो. संध्याकाळी घरात एवढी शांतता असते की फ्रीजचा आवाज ओसरीपर्यंत येतो. स्वयंपाकघरात स्टीलचा डबा असतो, त्यात तळाशी सात-आठ नेवऱ्या, कडा थोड्या मऊ पडलेल्या. त्या संध्याकाळी मी उभ्यानं तीन खाल्ल्या आहेत. भूक नव्हती, आग्रह करणारंही कुणी नव्हतं. ज्या घरांतली मुलं जहाजावर आहेत किंवा इंग्लंडात स्थायिक झाली आहेत, त्या घरांतल्या नाताळच्या रात्री याहून वेगळ्या नसाव्यात. या तीन नेवऱ्यांवर आहारतज्ज्ञाच्या तक्त्यात उपाय नाही. रात्री आठला कुणीतरी फोन करणं हा उपाय असू शकतो.

आता आक्षेप. शेवटी तोंड ज्याचं त्याचं, जबाबदारीही त्याचीच, असं म्हणणारे बरेच असतात. अर्धं खरं आहे. माझी गोळी वहिनी गिळू शकत नाही, माझं जेवणानंतरचं पंधरा मिनिटं चालणंही तिच्या पायांनी होणार नाही. मी खतखतं ही मिसळ भाजी आधी आणि भात नंतर खाल्ला तर माझाच फायदा होतो, आणि चवथीच्या ताटात इतक्या भाज्या असतात की हे पथ्य वाटतच नाही. 'माडाच्या गुळाचं आहे, चालतं' हे मी स्वतःलाच कितीदा सांगितलं असेल! गूळही मुख्यतः सुक्रोजच. शुगर फ्रीची चिठ्ठी लावलेल्या मिठाईतला मैदा आणि खवा कुठेही गेलेला नसतो. हे सगळं कळणं माझं काम. पण जबाबदारी माझी आणि हात आडवा धरायचा अधिकार मात्र माझा नाही, हे कसं? दोन्ही एकाच माणसाकडे असू द्यावेत. एकदा विचारावं. नाही म्हटलं तर डबा पुढच्याकडे न्यावा. हो म्हटलं तर त्याच्याकडे बघत बसू नये. आपल्याकडे 'अतिथी उपाशी उठला' हा घरधनिणीवरचा ठपका असतो, तो जाईपर्यंत हे अवघड आहे, हेही मला ठाऊक आहे.

सरकारबद्दल बोलायचं तर माझी तक्रार वेगळी आहे. १४ नोव्हेंबर हा इन्शुलिनच्या शोधातल्या फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस, म्हणून जागतिक मधुमेह दिन. त्या दिवशी आपल्याकडे फेऱ्या निघतात, टोप्या वाटतात, बोटं टोचून आकडे सांगतात. आकडा घेऊन माणूस घरी जातो. त्याच्या मनाचं काय चाललंय, हे त्या मंडपात विचारायची सोय नसते. आणि हे कुठे? तर गोव्यात! साध्या, वैद्यकीय पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून आरोग्य केंद्रांत नैराश्यावर उपचार होऊ शकतात, हे जगाला दाखवणारे प्रयोग याच मातीत झाले. १९९६ साली सुरू झालेल्या 'संगाथ' या इथल्या संस्थेनं, विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली, ते केले. 'मानस' प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आले. सरकारी आरोग्य केंद्रांत फायदा स्पष्ट दिसला, खाजगी दवाखान्यांत तेवढा नाही. २०१७ साली पुन्हा गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, सहा ते आठ बैठकांच्या साध्या उपचाराचे चांगले निष्कर्ष आले. मधुमेह आणि नैराश्य एकत्र असलेल्या ४०४ रुग्णांवर देशातल्या चार शहरी दवाखान्यांत झालेला प्रयोग २०२० मध्ये 'जामा'त आला. तिथे दोन्ही आजार एकत्र सांभाळल्यावर मनही सुधारलं आणि साखरेचे आकडेही. बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालय आणि मानसोपचार संस्था शेजारी-शेजारी आहेत. मला आणखी मोठी इमारत नको आहे. साखर तपासणाऱ्या टेबलाशेजारी एक खुर्ची हवी, आणि तिथे दोन प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं झालं का? उदास, हताश वाटलं का? चाळणीसाठी हे दोन प्रश्न जगभर वापरतात. मनाच्या त्रासावर फोनवरून मदत देणाऱ्या सरकारी टेली मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो साखर तपासायच्या पट्ट्यांच्या डबीवर चिकटवायला किती खर्च येतो? आणि शिबिर दिवाळीच्या आसपास न भरवता चवथीनंतरच्या आठवड्यात आणि जानेवारीत भरवावं, फक्त "आडवा हात मारलात" असं कुणी म्हणणार नाही, एवढी हमी देऊन. तेव्हा मीही येईन.

गेल्या चवथीला मी वहिनीशी याबद्दल बोललो. ती रागावेल असं वाटलं होतं. ती डाळ निवडत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, तुला नाही दिली तर तुला वेगळं काढल्यासारखं होईल, म्हणून म्हणते. "मग हांवें कितें म्हणचें?" मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिनं नेवऱ्या वाढल्या नाहीत. ताटली ओसरीच्या मधोमध ठेवली आणि म्हणाली, "पळयात तुमीच." मी एक उचलून मोडली आणि अर्धी परत ठेवली. ती अर्धी वहिनीनं घेतली. मी बघतोय हे लक्षात आल्यावर हळू आवाजात म्हणाली, "म्हाकाय मे म्हयन्यांत शुगर भायर सरल्या. तुज्या भावाक सांगूं नाका."